उंदरानं खाल्लेली तार

“इथं तार हाय की वो आधीच,” देवाप्पा म्हणाला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्यानं भिंतीवर आणखी दोनदा ठोकून बघितलं. मागच्या खोलीच्या दारात कॉफीचा पेला घेऊन उभा असलेला संताजी दचकला. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं. कॉफी हिंदकळून बोटांवर सांडली, चांगली चटका बसण्यासारखी होती, पण तो चटका त्याला मागाहून कळला. दाराच्या मागं, हातभर उंचीवर, रंगाचे थर चढून भिंतीशी एकजीव झालेला एक लाकडी ठोकळा होता. देवाप्पानं तो अलगद उचकटला आणि आतून दोन बारीक तारा चिमटीत धरून बाहेर ओढल्या. “जुन्या टेलिफोनची तार. पाइपातनं आणलीया. ज्यानं कुणी टाकलीया त्यानं झकास काम केलंय बघा. अण्णा, ह्याच तारेवरनं नेट येतंय. तिकडं हॉलमध्ये एक डबी, हिकडं एक डबी. भिंत फोडायला नको, काय नको. तास-दीड तासाचं काम.”

“बघा!” संताजीची बायको रक्षिता त्याच्या खांद्यामागून म्हणाली. तिला खरोखरच आनंद झाला होता, नवीन लग्न झालेल्या बाईला माहेरचं माणूस दारात दिसल्यावर होतो तसा. “तीन वर्षं नुसतं दगडी भिंत, दगडी भिंत करत बसलात. तार आपली घरातच होती.” शनिवार होता, अकरा वाजत आले होते, रस्त्यावर कांदे-टोमॅटोच्या हातगाडीवरचा भोंगा ‘ईरुळ्ळी, टोमॅटो’ असं एकाच सुरात ओरडत निघाला होता. संताजी म्हणाला, “अरे वा.” आणखी काय म्हणणार? घरात चोर शिरल्यावर घरमालकाला ओरडता येतं. इथं चोर तोच होता.

आता खरी गोष्ट अशी, की राजाजीनगरातलं हे घर संताजीच्या आजोबांनी बांधलं तेव्हा बेंगळुरात दगडाला तोटा नव्हता. भिंती दीड-दीड फुटी. हॉलमधल्या राउटरचं नेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतं, तिथं अडखळतं आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर जीव सोडतं. मोबाइललाही तिथं कशीबशी एखादी काडी. इथपर्यंत सगळं खरं होतं. संताजी खोटं बोलला तो यापुढं. खोट्याला असा थोडासा खऱ्याचा टेकू मिळाला की ते वर्षानुवर्षं उभं राहतं, पडायचं नाव घेत नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा तो जुने कागद शोधायला मागच्या खोलीत गेला, तासाभरानं बाहेर आला, तर मोबाइलवर अकरा फोन येऊन गेलेले. त्यानं ऑफिसात सांगितलं, मागच्या खोलीत होतो, तिथं नेट पोचत नाही. आणि काहीच झालं नाही. कुणी रागावलं नाही. उलट त्याचा मॅनेजर विराट, वय वर्षं एकतीस, हसून म्हणाला, “जुनी घरं, सर, काय करणार!” त्या दिवशी संताजीला जे सापडलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. रोज जेवण झाल्यावर तासभर आणि संध्याकाळी पाच ते सात तो मागच्या खोलीत जाऊ लागला. विचारलं तर म्हणायचा, वडिलांचे, अप्पांचे कागद लावतोय. कुणी फोन लागला नाही म्हणून कुरकुर केली की तो त्यांच्याहून मोठ्यानं कुरकुर करायचा. ह्या भिंतींनी वैताग आणला बघ, म्हणायचा. नवीन केबल टाकावी तर बाहेरच्या अंगाला शेजारचं घर भिंतीला भिंत लावून, आणि आतून दगडाला भोक कोण पाडणार? इतकं मनापासून म्हणायचा की रक्षिताला त्याची दया आली. बाकी काही नाही, बिचारीला दया आली. यशवंतपूरच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. तिथं नेट जोडायला आलेल्या देवाप्पाला तिनं मराठीत फोनवर बोलताना ऐकलं. तो तिच्या निपाणीकडचाच निघाला. आणि तिनं नवऱ्याचं दुःख त्याच्या कानावर घातलं.

ते दुःख नव्हतं हे आता कसं सांगायचं? संताजी खोलीत आत आला, पेला ट्रंकेवर ठेवला आणि जणू काही ही खोली आपणही पहिल्यांदाच बघतोय अशा चेहऱ्यानं इकडंतिकडं बघू लागला. अप्पांची रेक्झिनची आरामखुर्ची, तिचा एक हात सुतळीनं बांधलेला. रजयांचा ढीग. मुलगी अक्षरा मणिपालला शिकायला गेल्यापासून इथं येऊन पडलेली तिची सायकल. वर सिमेंटच्या जाळीतून येणारा उजेड, जो दुपारी दीडला ट्रंकेवर असतो, दोनला सायकलच्या चाकावर आणि अडीचला भिंतीवर चढून फिका होतो. डांबरगोळ्यांचा वास. हे त्याचं सगळं राज्य. आणि या राज्यात तो काय करत असे? काहीच नाही. खुर्चीत बसत असे. वाचत नसे, झोपत नसे, देवाचं नाव घेत नसे. दारू पीत असता तर निदान कबूल करायला काही असतं, लोकांनी समजूत घातली असती, रक्षिता रडली असती, सगळं रीतसर झालं असतं. पण एकोणपन्नास वर्षांचा धडधाकट माणूस दाराला आतून कडी घालून तीन-तीन तास नुसता बसतो, हे कुणाला सांगणार आणि कुठल्या तोंडानं?

त्याची कंपनी हॉस्पिटलांना बिलांचं सॉफ्टवेअर पुरवते. कुठल्याही गावच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर अडला की फोन आधी मुलांकडं जातो, मुलांना जमलं नाही की मोठ्यांकडं आणि मोठ्यांनाही जमलं नाही की संताजीकडं. म्हणजे त्याच्याकडं येणारा प्रत्येक माणूस आधीच दोन ठिकाणी भांडून आलेला असतो. सहा वर्षं तो हे हॉलमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून करत होता. स्क्रीनवर त्याच्या नावापुढं एक हिरवा ठिपका असे. पाच मिनिटं माउसला हात लागला नाही की ठिपका पिवळा होई, आणि पिवळा झाला की विराटचा मेसेज, अगदी गोड शब्दांत, ‘सर, आहात ना?’ आहात ना! दिवसातून चार-पाच वेळा माणसाला कुणी असं विचारू लागलं की त्यालाही हळूहळू शंका येते. जेवताना त्याचं लक्ष त्या ठिपक्याकडं असायचं. रक्षिता साडेचारला घरी यायची, चपला काढता काढता काहीतरी सांगायची, कॉलेजातलं, बसमधलं, अक्षराच्या फोनमधलं, आणि तो ‘हं’ म्हणायचा. पूर्वी ती विचारायची, “ऐकताय न्हवं?” मग तेही सोडून दिलं. सांगून झालं की कुकर लावायला जायची आणि पाच वाजले की तो मागं. एक गोष्ट मात्र त्यानं स्वतःशीसुद्धा नीट कबूल केली नव्हती. पाच वाजता ऑफिस संपत असे. त्या दोन तासांत विराटचा फोन सहसा येत नसे.

“अण्णा, स्वल्प बाजूला,” देवाप्पा म्हणाला. त्यानं दोन्ही तारांना कसलंसं चिमटेवालं यंत्र लावलं, हॉलमध्ये जाऊन दुसऱ्या टोकाला काहीतरी केलं, परत आला, यंत्राकडं बघून त्यानं तोंडानं च्‌ च्‌ केलं. “कुठंतरी तुटलीय. मधीच.”

संताजीला एवढं हलकं वाटलं की तो हसलाच. “अहो, तुटायचीच. मी सांगणारच होतो. मेलेली तार आहे ती. मी दहा-अकरा वर्षांचा होतो तेव्हाच उंदरानं खाल्ली. अप्पांनीच सांगितलं होतं. राहू द्या हो, सोडून द्या.”

“पाइपात उंदीर?” देवाप्पानं तर्जनी आणि अंगठ्यात अर्ध्या इंचाचं भोक करून दाखवलं. “ह्यातनं झुरळसुदीक तिरकं होऊन जाईल, अण्णा. कुठं तुटलीय ते आत्ता हुडकतो, पाच मिन्टांत. तुटलं तर जोडायचं, आयतु, झालं काम. त्यात काय हाय!” आणि तो हत्यारांची पिशवी घेऊन हॉलकडं गेला. रक्षिता त्याच्या मागून गेली, वाटेतलं सामान हलवायला. पाइपात उंदीर कसा गेला हे संताजीनं गेल्या अडतीस वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. बापानं उंदीर म्हटलं, उंदीर.

अप्पा, म्हणजे आप्पाजीराव माने, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सगळी गल्ली फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघत होती तेव्हा मान्यांच्या हॉलमध्ये काळा फोन होता, स्टुलावर, खाली संताजीच्या आईनं, अम्मानं विणलेला रुमाल. गल्लीतल्या बारा घरांनी आपापल्या सोयऱ्यांना हाच नंबर देऊन ठेवला होता. म्हणजे फोन वाजला की धावत जाऊन कुणा पद्मक्काला बोलवा, कुणा मास्तरांना निरोप द्या. वर खात्याचे फोन वेगळे. पाऊस पडून जमिनीखालच्या केबलीत पाणी शिरलं की अप्पांना बोलावणं आलंच. मैलभर केबलीत बिघाड कुठं आहे ते अप्पा अर्ध्या तासात सांगत, अशी त्यांची ख्याती होती. मग त्यांनी मागच्या खोलीत दुसरा फोन घेतला. स्वतःच तार टाकली, घराचं प्लास्टर चाललं होतं त्यात पाइप बसवून घेतला, आणि घरात जाहीर केलं की कामाचे फोन येतात, मी मागंच बसेन. आणि बसू लागले. पुढं तो मागचा फोन बंद पडला, उंदरानं खाल्ला, पण अप्पा तिथून उठले नाहीत. हॉलमधला फोन वाजे. अम्मा म्हणे, “जा, अप्पांना सांग.” संताजी अंधारा बोळ ओलांडून जाई. दार ढकलून बघे तर अप्पा या खुर्चीत बसलेले. हातात पेपर नाही, रेडिओ नाही. डोळे उघडे. तो म्हणे, “अप्पा, फोन.” अप्पा मान न वळवता म्हणत, “नाही म्हणून सांग.” हॉलमध्ये येऊन तो सांगे, अप्पा घरात नाहीत. समोर खुर्चीत अम्मा अडकित्त्यानं सुपारी कातरत असे, कट्‌, कट्‌, आणि त्याचं खोटं बोलणं ऐकत असे. आयुष्यात तो पहिलं खोटं बोलला ते बापासाठी. त्या वेळी त्याला मोठेपणा वाटला होता. बापानं आपल्याला विश्वासात घेतलंय, असं वाटलं होतं. अप्पा जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

हॉलमधून आवाज यायला लागला. पीं, पीं, पीं. देवाप्पानं तिकडच्या टोकाला शिट्टी घालणारी डबी लावली होती आणि एक पेनासारखं यंत्र भिंतीवरून फिरवत तो तारेमागून निघाला होता. जिथवर तार धड आहे तिथवर ते पेन वाजणार. संताजी खोलीत एकटा उभा राहून ऐकू लागला. आवाज राउटरच्या कोपऱ्यातून निघाला, देवघराच्या भिंतीशी आला, तिथं जरा वर चढला. “अज्जी, तुमची खुर्ची थोडी पुढं घ्या,” देवाप्पा म्हणाला, आणि अम्माची खुर्ची फरशीवर करकरली. पीं, पीं. घरातच राहणारं, आजवर गप्प बसलेलं कुणीतरी भिंतीतून त्याच्याकडं चालत येत होतं. संताजी खाली बसला. ठोकळ्याच्या भोकातून तारांची दोन टोकं बाहेर लोंबत होती, कानातल्या केसांसारखी.

आणि मग तो जे काही करू लागला ते त्यानं स्वतःच, जरासं लांबून, बघितलं. ट्रंकेवरच्या डब्यात नेलकटर होतं. ते त्यानं घेतलं. तारा हलकेच ओढून बघितल्या. पाइपातून वीतभर आणखी आल्या. इथं आत, खोल कापून मागचा भाग आत सोडला आणि पुढचे तुकडे भोकात परत खोवले, की ते कुणी कितीही ओढले तरी हातात वीतभरच तार येईल. देवाप्पा एक तूट शोधून जोडेल, तरी लागणार नाही. पुन्हा शोधेल, वैतागेल, म्हणेल, जुनी तार आहे अण्णा, सगळीच कुजलीय. रक्षिता हळहळेल. आपणही हळहळू. सोमवारपासून दुपारचा तास आपला, संध्याकाळचे दोन आपले, उजेड ट्रंकेवर, मग चाकावर. त्यानं एक तार नेलकटरच्या जबड्यात धरली. इतकं करायला माणसाला काही वाटू नये, निर्लज्जपणाच म्हणायचा, पण त्याचे डोळे भरून आले होते. त्याला कुणावर राग नव्हता. विराटवर नव्हता, रक्षितावर तर नव्हताच. त्याला फक्त कुणी ‘आहात ना’ विचारू नये एवढंच हवं होतं, आणि त्यासाठी आपल्याच घरात, आपल्याच ट्रंकेशेजारी उकिडवं बसून चोरासारखं नखं कापायचं हत्यार चालवावं लागत होतं. पीं, पीं, पीं, पीं. मग आवाज बंद पडला.

“सापडलं!” देवाप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी ओरडला. “अण्णा, या हिकडं. गंमत बघा.”

संताजीनं नेलकटर शर्टाच्या खिशात टाकलं. तारा तशाच राहिल्या. तो बोळातून गेला तेव्हा देवाप्पा स्टुलावर उभा होता, दाराच्या चौकटीच्या वरचा असाच एक ठोकळा त्यानं काढला होता आणि आतून चार टोकं बाहेर आली होती. दोन हॉलकडून आलेली, दोन मागं जाणारी. मधे बोटभर अंतर. “हे उंदराचं काम न्हवं,” देवाप्पा म्हणाला. “उंदीर कुरतडतो, भुगा पाडतो. हे बघा कसं तिरपं, एका घावात. धारेच्या हत्यारानं तोडलंय. आणि तोडून टोकं परत आत सारून ठोकळा बसवलाय. कुणीतरी मुद्दाम केलेलं हाय हे, अक्का.”

रक्षिता खालून बघत होती. आणि संताजीला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला. अप्पा! अप्पांनीच कापली. मैलभर केबलीत बिघाड शोधणारा माणूस, तीस फुटांत उंदीर म्हणतो? स्वतः टाकली, स्वतः कापली, आणि मग शांतपणे खुर्चीत जाऊन बसले. म्हणजे हे माझंच एकट्याचं वेड नाही. माझ्या आधी इथं कुणीतरी हेच केलंय, याच खोलीसाठी, आणि तो माझा बाप. त्याला वाटलं, अप्पा आता असते तर आपण दोघं खोलीत आरामात बसलो असतो, एक शब्द न बोलता. खिशातल्या नेलकटरवर त्यानं वरून हात ठेवला.

“अडकित्त्यानं,” अम्मा म्हणाली.

तिघांनीही वळून बघितलं. अम्मा, म्हणजे गोजराबाई, हॉलमधल्या आपल्या खुर्चीत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वय, दात गेलेले, त्यामुळं आता सुपारी कातरल्यावर ती पितळी खलबत्त्यात कुटून खात असे. खल मांडीवर होता. ती कुटायची थांबली नव्हती. “माझ्याच अडकित्त्यानं कापली. दांडा स्वल्प ढिला झाला त्यानं, तो अजून ढिलाच आहे.”

“तुम्ही?” रक्षिता म्हणाली. “का वो, अम्मा?”

“का म्हणजे?” अम्मानं बत्ता खलाच्या कडेवर ठोकला. “मागं फोन घेऊन बसले, कामाचा फोन येतो म्हणून. जेवायला बाहेर, की परत आत. वाटलं, मागचा फोन बंद पडला की झक मारत हॉलमध्ये येऊन बसतील. फोन इथंच आहे न्हवं? माझ्या समोर बसतील. समोर बसल्यावर माणूस काहीतरी बोलतंच. भाजीला मीठ कमी आहे, एवढं तरी बोलतं.” ती दम घ्यायला थांबली. तिचा आवाज कुरकुरीचा नव्हता, कधीतरी पाहिलेल्या जत्रेबद्दल सांगावं तसा होता. “पोर शाळेत गेलं, हे ड्यूटीवर गेले. मग मी स्टुलावर चढले, हे काढलं, कापली, परत लावलं. संध्याकाळी हे आले. फोन बंद. चढले स्टुलावर.”

“म्हणजे त्यांना कळलं?” संताजीनं विचारलं.

“कळायला काय? लाइनमन होते की. दोन मिनिटं बघितलं. मी इथंच होते, ह्याच जागी. म्हटलं, आता रागावतील. रागावले असते तरी चाललं असतं, रे. रागावले असते तर बोलले असते न्हवं? खाली उतरले, ठोकळा बसवला, म्हणाले, उंदरानं खाल्ली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि गेले आत.” बत्ता पुन्हा चालू झाला. “मग मीबी उंदीरच म्हणत आले. फोन आला की मी तुला आत पाठवत होते ते उगाच वाटलं तुला? म्हटलं, माझ्यासाठी नाही तर पोरासाठी येतील.”

देवाप्पा स्टुलावर तारांची टोकं चाचपत होता. बाहेरचा भोंगा दुसऱ्या गल्लीत गेला होता. संताजीचा तो गुदगुल्यांचा आनंद कधीच विझला होता आणि त्या जागी आता काहीतरी जड, ओलं येऊन बसलं होतं. अप्पांनी तार कापली नव्हती. अप्पांना ती कापलेली मिळाली होती, आणि ती त्यांनी ठेवून घेतली. बायकोनं स्टुलावर चढून त्यांना हाक मारली होती, आणि त्यांनी त्या हाकेचीच कडी करून दाराला लावली. लहान असताना आपण ‘अप्पा घरात नाहीत’ म्हणत होतो ते फोनवरच्या माणसाला सांगत नव्हतो. समोर सुपारी कातरणाऱ्या अम्माला सांगत होतो. त्याला रक्षिताकडं बघायचं नव्हतं. पण बघावं लागलं, कारण ती त्याच्याकडंच बघत होती. तिच्या नजरेत ना संशय होता ना राग. ती फक्त बघत होती, शेल्फावर जागचं पुस्तक जागेवर नाही हे लक्षात आल्यावर बघावं तसं. “तुम्ही पाच ते सात...” ती म्हणू लागली. मग देवाप्पाकडं वळून म्हणाली, “जोडा तुम्ही.”

देवाप्पानं जोडलं. टोकं सोलली, पिळली, वर टेप गुंडाळली. एका घरात एवढं ऐकून घेतल्यावर माणूस जसा भराभर काम उरकतो तसं उरकलं. हॉलमध्ये राउटरशेजारी एक पांढरी डबी बसली, मागच्या खोलीत ठोकळ्याखाली दुसरी. डबीवरचा लाल दिवा लुकलुकला, पुन्हा लुकलुकला, मग हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. संताजी खुर्चीत बसून त्याच्याकडं बघत होता. अडतीस वर्षांनी तार जिवंत झाली होती. अप्पांची ती तार, अम्मानं कापलेली, रक्षितानं जोडलेली, आणि सासूला कापून जे हवं होतं तेच सुनेला जोडून हवं होतं, हे कळायला त्याला फार हुशार असण्याची गरज नव्हती. पण कळून करायचं काय? मोबाइलवर एकामागून एक मेसेज येऊन पडले, तीनेक तर विराटचेच, शनिवार असूनही. इतक्या वर्षांत या खोलीत पहिल्यांदाच फोन टुंग टुंग वाजत होता आणि भिंती, त्या दीड फुटी दगडी भिंती, गुमान ऐकून घेत होत्या. त्याला उठून जावंसं वाटलं. कुठं जाणार? मागं दगड, बाजूला दगड, पुढं बोळ आणि बोळाच्या तोंडाशी त्या दोघी.

“सरी अण्णा, झालं. येतो मी,” देवाप्पा बाहेरूनच म्हणाला. त्याच्या चपलांचा आवाज, फाटकाची कडी. मग घरात बराच वेळ फक्त बत्त्याचा आवाज. ठक, ठक. मग संताजीच्या हातातला फोन वाजू लागला. स्क्रीनवर रक्षिताचा चेहरा, अक्षराच्या वाढदिवसाला काढलेला. हॉलमधून ती त्याला नेटवरून फोन करत होती.

त्यानं घेतला.

“ऐकू येतंय?” ती म्हणाली. मधलं दार उघडंच होतं. त्यामुळं तिचा आवाज आधी बोळातून आला, आणि किंचित मागाहून तोच आवाज कानाशी.

“येतंय,” तो म्हणाला.

“नीट येतंय? तुटत नाही न्हवं?”

“नाही. एकदम स्वच्छ.”

तिच्या श्वासाचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, इतकं नेट चांगलं होतं. “मग बोला की,” ती म्हणाली.

बत्ता थांबला. अम्मानं तो खलातच धरून ठेवला असणार. संताजीनं तोंड उघडलं. सांगण्यासारखं खूप होतं. मी इथं काहीच करत नाही गं, हे होतं. खिशात नेलकटर आहे, हे होतं. तुझं कॉलेजातलं त्या दिवशीचं काय ते पुन्हा सांग, मी ऐकलं नव्हतं, हेही होतं, आणि ते तर किती सोपं होतं. त्यानं हिरव्या दिव्याकडं बघितलं. जाळीतला उजेड ट्रंकेवर पडला होता. दीड वाजला असेल. त्याला एकदम विलक्षण थकवा आला, आणि त्या थकव्यातूनच, आपोआप, कुणीतरी शिकवून ठेवल्यासारखे शब्द आले.

“हॅलो? हॅलो? रक्षिता, आवाज तुटतोय. काही ऐकू येत नाहीये.”

उघड्या दारातून त्याचा शब्दन्‌शब्द हॉलमध्ये पोचला. फोन ठेवल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि थोड्या वेळानं बत्ता पुन्हा चालू झाला.